पैजेच्या भावांची तुलना

पैजेच्या भावांची तुलना : एकाच शर्यतीवर किंवा सामन्यावर निरनिराळे बुकमेकर (पैजा घेणारे व्यावसायिक, बुकी) देत असलेले भाव ताडून पाहून त्यांतल्या सर्वांत चढ्या भावाने पैज लावण्याची पद्धत. अनेक परवानाधारक बुकमेकर आपापले भाव स्वतंत्रपणे ठरवतात, तिथेच या पद्धतीला अर्थ आहे. ती सर्वांत खोल रुजली ती ब्रिटनमधील घोड्यांच्या शर्यतींत. टोट पद्धतीत सर्वांचे पैसे एकाच गल्ल्यात जमतात आणि संयोजकांचा वाटा वजा जाता उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. तिथे जिंकणाऱ्या सर्वांना एकच भाव मिळत असल्याने तुलनेला जागाच उरत नाही.

भाव हा बुकीने बांधलेला शक्यतेचा अंदाज असला, तरी त्यात त्याच्या नफ्याचा गाळा मिसळलेला असतो. दोन तुल्यबळ टेनिसपटूंच्या सामन्यात दोघांचाही खरा भाव २.०० हवा, म्हणजे १०० रुपये लावणाऱ्याला जिंकल्यावर मुद्दलासह २०० मिळायला हवेत. प्रत्यक्षात बुकी दोघांनाही १.९१ देतो. या भावांचे व्यस्त अंक मिळवले की बेरीज १०० टक्के न येता सुमारे १०४.७ टक्के येते आणि वरच्या ४.७ टक्क्यांना ओव्हरराउंड म्हणतात. समजा, दुसऱ्या बुकीकडे पहिल्या खेळाडूचा भाव १.९५ आणि तिसऱ्याकडे दुसऱ्या खेळाडूचा १.९८ आहे, हे दोन भाव एकत्र धरले की तीच बेरीज १०१.८ टक्क्यांवर उतरते. १.९१ च्या भावाने खेळणाऱ्याला मुद्दल टिकवण्यासाठी १०० पैकी ५२ हून अधिक पैजा जिंकाव्या लागतात, १.९८ ने साडेपन्नास पुरतात. तुलनेने अंदाज सुधारत नाही; चुकीचा घोडा चढ्या भावाने घेतला तरी तो चुकीचाच राहतो. कमी होतो तो फक्त खेळण्याचा खर्च, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचा परिणाम तोटा अधिक सावकाश होण्यापुरताच असतो.

भाव वेगळे पडतात याचे मुख्य कारण बुकीच्या वहीत असते. एखाद्या घोड्यावर त्याच्याकडे जास्त पैसे आले, की तो त्याचा भाव उतरवतो आणि इतरांचे चढवतो. शेजाऱ्याच्या वहीत तेच ओझे दुसऱ्या घोड्यावर असू शकते. ब्रिटिश रेसकोर्सवरील रिंगमध्ये, म्हणजे बुकी रांगेने उभे राहून पैजा घेत त्या आवारात, ही तफावत डोळ्यांना दिसत असे. खडूने लिहिलेल्या फळ्यांच्या रांगेतून चालत गेल्यास एका फळ्यावर एकास पाच, तर चार फळे पुढे त्याच घोड्याला दोनास अकरा असा भाव सापडे. दहा पौंडांच्या पैजेवर हा फरक ५० की ५५ पौंड नफा, इतका असतो. बुकींनाही एकमेकांचे भाव कळणे गरजेचे असल्याने पांढरे हातमोजे घातलेले टिकटॅकवाले हातांच्या खुणांनी ते मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचवीत. मोबाइल फोन आल्यावर त्यांचा धंदा बसला.

१९६० च्या कायद्यानुसार मे १९६१ पासून ब्रिटनमध्ये पैजेची दुकाने उघडली आणि तुलना रेसकोर्सबाहेरही शक्य झाली. पण पैजेवरील करापोटी दुकानांत होणारी वजावट पुढे ९ टक्के झाली. ती पैजेच्या रकमेवर आगाऊ भरता येई. तसे न केल्यास मुद्दल धरून मिळणाऱ्या एकूण रकमेतून कापली जाई. एकास पाच भावाने लावलेले १० पौंड जिंकले, तर ६० पौंडांतून ५ पौंड ४० पेन्स वजा होत. म्हणजे रांगभर फिरून मिळवलेला अर्ध्या अंकाचा फायदा वजावटीतच बुडे. रेसकोर्सवरील पैजांवरचा कर १९८७ मध्ये गेला, दुकानांतील वजावट मात्र ऑक्टोबर २००१ पर्यंत टिकली.

दरम्यान इंटरनेट आले. १९९९ मध्ये ऑड्सचेकर हे भाव शेजारी शेजारी मांडणारे संकेतस्थळ सुरू झाले, तर २००० मध्ये बेटफेअर या एक्स्चेंजवर ग्राहक एकमेकांशीच पैज लावू लागले. एक्स्चेंजवरचा भाव मात्र दिसतो तसा धरायचा नसतो : नफ्यावर ५ टक्के कमिशन असेल तर ६.०० हा भाव प्रत्यक्षात ५.७५ पडतो आणि साध्या बुकीचा ५.८० त्याहून सरस ठरतो. ‘ईच-वे’ पैजेतही (अर्धी रक्कम घोडा जिंकण्यावर, अर्धी तो पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर) किती क्रमांकांना आणि भावाच्या चौथ्या की पाचव्या हिश्शाने पैसे मिळणार, हे पाहिल्यावाचून नुसती भावांची तुलना फसवी असते. तुलना दाखवणाऱ्या संकेतस्थळांची कमाई बहुधा बुकींकडे ग्राहक पाठवण्याच्या मोबदल्यातून होते, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

या पद्धतीची खरी मर्यादा बुकीच घालतो. दोन ठिकाणचे भाव इतके फाकले की दोन्ही बाजू घेऊनही नफा उरावा, असे क्वचित घडते, उदाहरणार्थ २.०५ आणि २.०२ हे भाव एकाच वेळी मिळाल्यास बेरीज ९८.३ टक्क्यांवर येते. सातत्याने असे भाव उचलणारा ग्राहक कंपनीच्या नजरेत भरतो आणि त्याच्या खात्याची मर्यादा काही पौंडांवर आणली जाते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये खेळांवरील सट्ट्याबाबतचा १९९२ चा संघीय कायदा रद्द ठरवल्यावर अनेक राज्यांत हा व्यवहार वाढला. तिथल्या फुटबॉलमध्ये पैजेपुरती दुबळ्या संघाला दिलेली गुणांची आगाऊ सूट अडीच की साडेतीन, यातला फरक भावापेक्षा मोलाचा ठरतो, कारण बरेच सामने नेमक्या तीन गुणांच्या फरकाने संपतात.

महाराष्ट्रात कायदेशीर रिंग आढळते ती १९१२ च्या मुंबई रेसकोर्स परवाना कायद्याखाली चालणाऱ्या मुंबईतील महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर. घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. क्रिकेटवरच्या ‘लगाई-खाई’च्या, म्हणजे संघाच्या बाजूने वा विरुद्ध पैसे लावण्याच्या, भावांना असे कोणतेही संरक्षण नाही, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. रिंगमधली तुलनाही करापुढे फिकी पडते : पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि दोन फळ्यांवरच्या भावांतला फरक सहसा इतका मोठा नसतो.