कॉलेजची फी आणि मधल्या उत्पन्नाची घरं: गोव्यातून अर्ज करताना

बारावीचा रिझल्ट लागला की फोंड्याला आमच्या बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी फाईल घेऊन माझ्याकडे येतंच, आणि पहिला प्रश्न ठरलेला, आमच्यासारख्यांना काही मिळतं का हो? मिळतं. पण "उत्पन्न" या एका शब्दाचा अर्थ प्रत्येक योजनेत वेगळा आहे, आणि तो न कळल्यामुळे मिळणारी मदतही लोक सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गेल्या वर्षी शेजारच्या वहिनी आल्या, मुलाला एनआयटी मिळालेली. म्हणाल्या, भाऊ, ह्यांचे महिन्याला 41 हजार हातात येतात, म्हणजे पाच लाखांच्या आतच ना? हिशोब बरोबर, 4 लाख 92 हजार. मग फॉर्म 16 टेबलावर पसरला तर ग्रॉस पगार 5 लाख 60 हजार, पीएफ आणि सोसायटीचा हप्ता कापून 41 उरत होते, आणि फी माफीला धरतात तो हा ग्रॉस आकडा. वहिनी बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसल्या. कारण एनआयटी, आयआयटीत घरचं उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, 1 ते 5 लाखांत दोन तृतीयांश माफ, आणि त्याच्या वर ओपन, ओबीसीच्या मुलाला पूर्ण भरायची. एनआयटीची ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे 83 हजारांचा फरक, चार वर्षांचे सव्वातीन लाखांवर. हॉस्टेल, मेस वेगळं. मधल्या घरांवर हा अन्याय आहे असं मला वाटतं, 4 लाख 90 हजारवाला आणि 5 लाख 10 हजारवाला यांच्या घरात असा काय मोठा फरक असतो?

पण तिथेच थांबू नका. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर पीएम विद्यालक्ष्मी बघा, नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेली शिक्षणाच्या लोनची योजना आहे. एनआयआरएफ या केंद्राच्या कॉलेज रँकिंगमधल्या ठराविक चांगल्या संस्था आणि केंद्र सरकारच्या संस्था यात येतात, फर्मागुडीची आयआयटी आणि कुंकळ्ळीची एनआयटी दोन्ही. लोनला तारण नाही, जामीनदार नाही, आणि 10 लाखांपर्यंतच्या लोनवर कोर्स चालू असताना आणि नंतर एक वर्ष व्याजात 3 टक्के सवलत. 10 लाख पूर्ण उचलले असतील तर वर्षाला 30 हजार, पण लोन हप्त्याहप्त्याने मिळतं म्हणून सुरुवातीला आकडा कमी दिसेल. साडेचार लाखांच्या आत असाल आणि कोर्स टेक्निकल किंवा प्रोफेशनल असेल तर या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्यातून ॲडमिशन घेतलं तर हे काही मिळत नाही, आणि दुसरी सरकारी स्कॉलरशिप चालू असेल तर ही 3 टक्क्यांची सवलत पण नाही, त्यामुळे कुठलं जास्त फायद्याचं ते आधी कागदावर मांडून बघा.

बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल सोडू नका. बारावीला बोर्डात 80 पर्सेंटाईलच्या वर, म्हणजे वरच्या 20 टक्के मुलांत, आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राची मेरिट स्कॉलरशिप आहे, डिग्रीची तीन वर्षं, दरवर्षी 12 हजार. बँक खातं आधारला सीड, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून त्याच खात्यात जमा होतील असं नोंदलेलं, असलंच पाहिजे, नुसतं लिंक आहे म्हणून चालत नाही.

आता दाखले. उत्पन्नाचा दाखला मामलेदार ऑफिसातून, गोवा ऑनलाईनवर अर्ज करता येतो. ओबीसी असाल तर नॉन क्रीमी लेयर नीट समजून घ्या, तिथेही मर्यादा 8 लाखच ऐकायला मिळते, पण त्यात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, आणि आईबाबा सरकारी नोकरीत असतील तर पगार न धरता पदाचा दर्जा बघतात. सरकारी नोकरीतले कितीतरी पालक "आमचं आठच्या वर आहे" म्हणून दाखलाच काढत नाहीत! ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांच्या आरक्षणात, मात्र उलट, पगार, शेती, धंदा, सगळं धरतात, शिवाय 1000 चौरस फुटांचा किंवा त्याहून मोठा फ्लॅट असेल तर उत्पन्न कमी असूनही बाद. आणि हे दोन्ही दाखले आयआयटी, एनआयटीच्या ॲडमिशनला त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून पुढचे लागतात, मार्चमध्ये काढलेला चालत नाही.

बँकेत जाण्याआधी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या बिनव्याजी लोनची चौकशी नक्की करा, त्याला रहिवासाचा दाखला लागतो. आणि बँकेचं घेतलंच तर जुन्या टॅक्स पद्धतीत भरलेल्या व्याजावर आठ वर्षं सूट मिळते, नव्या पद्धतीत नाही.

वहिनींनी शेवटी विद्यालक्ष्मीतून लोन घेतलं. लोन मंजूर झालं की व्याजाची सवलत आपोआप लागते असं त्यांना वाटलं होतं, तसं नाही, त्याच पोर्टलवर सवलतीचा वेगळा अर्ज करावा लागतो, उत्पन्नाचा दाखला जोडून. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, गडबडीत तो राहून गेला असता, आदल्या संध्याकाळी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान बाजूला सारून आम्ही तो भरला.