सिंचन पीक मोजणी

सिंचन पीक मोजणी : कालव्याच्या किंवा धरणाच्या पाण्यावर कोणत्या शेतकऱ्याने, कोणत्या गटात, कोणते पीक, किती क्षेत्रावर भिजवले याची शासनाने हंगामवार घेतलेली नोंद. महाराष्ट्रात ती जलसंपदा विभाग (पूर्वीचे पाटबंधारे खाते) घेतो आणि तिच्यावरूनच पाणीपट्टी आकारली जाते. त्याच शेताची नोंद महसूल खातेही पीक पाहणीत घेते, कृषी विभाग आपले क्षेत्राचे आकडे काढतो आणि विहिरींची गणना आणखी वेगळी होते. हे आकडे सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. राज्यातल्या सिंचनाबद्दलच्या बऱ्याच वादांचे मूळ या न जुळण्यात आहे.

पाण्यासाठी अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची आणि भिजलेल्या क्षेत्रावर पट्टी भरायची, ही चौकट मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या पाटबंधारे कायद्यातून आली. १९३४ च्या कालवे नियमांनी अर्ज, पास, मोजणी आणि दंड यांचे तपशील ठरवून दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत सुचवली. तीत ठरावीक क्षेत्राला अनेक वर्षे पाण्याची हमी मिळे, पण उसाखाली त्यातला ठरावीक हिस्साच ठेवता येई. म्हणजे पिकाची नोंद तेव्हापासूनच वसुलीबरोबर पाण्याच्या वाटपाचेही साधन होती. स्वतंत्र महाराष्ट्राचा पाटबंधारे अधिनियम १९७६ चा. त्याखाली नवे नियम करण्याचे काम मात्र रखडले आणि नव्या कायद्याचा कारभार कित्येक दशके १९३४ च्या जुन्या नियमांवरच चालला. कायद्याची अंमलबजावणी नियमांतून होत असते, हे पाहता ही दिरंगाई किरकोळ म्हणता येणार नाही.

सिंचन वर्ष १ जुलैला सुरू होते. खरीप १४ ऑक्टोबरपर्यंत, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी हंगाम १ मार्च ते ३० जून, असे तीन भाग पडतात. पावसाळा सरताना धरणात किती साठा आहे ते पाहून प्राथमिक सिंचन कार्यक्रम आखला जातो. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या फेऱ्या, किती आणि केव्हा ते ठरते. मग कार्यकारी अभियंत्याच्या सहीचे जाहीर प्रगटन निघते : अमुक तारखेपर्यंत नमुना नंबर ७ वर पाणी अर्ज शाखा कार्यालयात द्यावेत, मागील थकबाकी भरावी, शेतचारी स्वतः साफ ठेवावी, मागणीचे क्षेत्र २० आरच्या (०.२० हेक्टरच्या) पटीत असावे. अर्जात गट क्रमांक, वितरिका व चारी (कालव्याच्या शाखा आणि उपशाखा), पीक आणि क्षेत्र लिहायचे. मंजुरी मिळाली की पाण्याचा पास मिळतो आणि शेजपाळीच्या, म्हणजे क्रमाने पाणी देण्याच्या, यादीत नाव लागते. शेजपाळीत पाणी चारीच्या शेपटाकडून (शेवटाकडून) मुखाकडे (सुरुवातीकडे) द्यायचे असते, कारण उलट केले तर शेपटाला पाणी पोचतच नाही.

हे सारे कागद कालवा निरीक्षकाच्या हातून जातात. सोबत मोजणीदार, दप्तर कारकून, कालवा टपाली, चौकीदार अशी पदे आहेत, आणि त्यांतली बरीच वर्षानुवर्षे रिकामी राहिलेली आहेत. हंगामात मोजणीदाराने शेतात जाऊन उभे पीक पाहायचे, क्षेत्र मोजायचे आणि मोजणी वहीत लिहायचे. अर्ज न करता पाणी घेतलेले आढळले तर ते बिनअर्जी क्षेत्र. त्याचा पंचनामा होतो आणि चढ्या दराने आकारणी लागते. मोजणीवरून आकारणी, आकारणीवरून खातेदारनिहाय खतावणी आणि तिच्यावरून बिल. दर पिकागणिक व हंगामागणिक हेक्टरी ठरतो, उसाचा सर्वांत जास्त, आणि आकारणीवर २० टक्के स्थानिक उपकर चढतो.

कागदावर ही पद्धत नेटकी आहे. शेतावर तिची घडी विस्कटते. शेतकऱ्याने जितके क्षेत्र सांगितले तितके बिल येणार, तर सांगताना क्षेत्र आखडणार हे उघडच आहे. त्यात एका निरीक्षकाकडे तीन-चार निरीक्षकांचा भाग. मग प्रत्यक्ष मोजणीऐवजी अर्जातलाच आकडा वहीत उतरतो. गव्हाला मंजुरी घेतलेल्या गटात ऊस उभा असतो, आणि विचारले तर तो विहिरीवरचा आहे असे उत्तर मिळते. ते अनेकदा खरेही असते, कारण कालव्याच्या पाझरानेच लाभक्षेत्रातल्या विहिरी भरलेल्या असतात. हे पाणी धरणाचे म्हणायचे की विहिरीचे? एक पाळी मिळून वाळलेली ज्वारी आणि चार पाळ्या मिळून तरारलेली ज्वारी, दोन्ही ‘भिजलेले क्षेत्र’ म्हणून सारख्याच का मोजायच्या? या दोन प्रश्नांना हेक्टरात मोजणाऱ्या पद्धतीकडे उत्तर नाही. तिच्या नोंदीतून पाण्याचा वापर कळतो तो अंदाजानेच : पीक ठाऊक, क्षेत्र ठाऊक, त्यावरून इतके पाणी लागले असावे.

या कच्च्या नोंदींचे मोल २०१२ साली सबंध राज्याला दिसले. राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून निष्कर्ष निघाला की दशकभरात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चूनही ओलिताखालच्या क्षेत्राची टक्केवारी जेमतेम ०.१ ने वाढली. नोव्हेंबर २०१२ मध्ये शासनाने सिंचनावर श्वेतपत्रिका काढली, तीत ही वाढ ५.१७ टक्के असल्याचे मांडले. दोन्ही आकडे सरकारीच. एकामागे महसूल-कृषी खात्यांच्या पीक नोंदींची परंपरा होती, दुसऱ्यामागे जलसंपदा विभागाची स्वतःची आकडेमोड. चर्चा भ्रष्टाचाराच्या अंगाने रंगली, आणि तो प्रश्न गंभीर होताच. पण एवढ्या मोठ्या खर्चाचे फळ मोजायला सर्वांना मान्य असा एकही आकडा राज्याकडे नव्हता, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. माझ्या मते तीच अधिक काळजीची होती.

महसूल खात्याची पीक पाहणी जुनी आहे. गाव नमुना १२ मध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या खालच्या भागात, पीक आणि त्याचे जलसिंचित व अजलसिंचित क्षेत्र तलाठ्याने पाहणी करून लिहायचे. हजारो गटांची पाहणी एकट्याने करायची म्हटल्यावर बऱ्याच गावांत मागील वर्षाचेच पीक पुढे ओढले जाई. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी लागू झाली. आता खातेदार स्वतः मोबाइलवर पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि पद्धत भरतो व शेतात उभे राहून छायाचित्र काढतो. छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि काही टक्के नोंदींची पडताळणी तलाठी (आताचा ग्राम महसूल अधिकारी) करतो. पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी ही व्यवस्था जोडली गेली. रेंज न मिळणारी शिवारे, वृद्ध खातेदार, सामाईक गट यांच्या अडचणी आहेतच. तरी शेतकरी ही नोंद आपणहून करतो, कारण हमीभावाची खरेदी, पीक विमा, पीक कर्ज यांना ती लागते. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनचे अर्थसाहाय्य देतानाही मुख्यतः तीच आधार धरली गेली. पाणी अर्जात जो शेतकरी क्षेत्र आखडतो तोच येथे एकही गुंठा सुटू देत नाही. माणूस तोच, बांधही तोच. फरक एवढाच की एका नोंदीने बिल येते आणि दुसरीने मदत.

विहिरींची कथा निराळी आहे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक ओलीत विहिरींवर आहे, आणि त्या पाण्याला ना अर्ज लागतो ना पास. त्यांच्यासाठी केंद्राची लघुसिंचन गणना आहे. २००० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेल्या योजना तीत मोजतात. पहिली गणना १९८६-८७ हे वर्ष धरून झाली, सहावी २०१७-१८ धरून. सहाव्या गणनेत देशात सुमारे २ कोटी ३१ लाख योजना आढळल्या, त्यांपैकी जवळजवळ ९५ टक्के भूजलावरच्या. खोदलेल्या विहिरींत महाराष्ट्र देशात पहिला. विहीर किती खोल, पंप किती अश्वशक्तीचा, वीज की डिझेल, हे या गणनेतून समजते. त्या विहिरीतून वर्षाला किती पाणी उपसले हे समजत नाही, कारण मीटर नाही. शेतीपंपांची वीज कित्येक ठिकाणी अश्वशक्तीवर आकारली जात असल्याने विजेवरूनही उपसा नेमका काढता येत नाही.

पिकावर पट्टी लावण्याऐवजी पाणीच मोजून द्यावे हा मार्ग २००५ च्या दोन कायद्यांनी खुला केला : एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा. पाणी वापर संस्थेला चारीच्या मुखाशी फ्ल्यूममधून, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठी बांधलेल्या अरुंद भागातून, घनमीटरमध्ये पाणी द्यायचे, संस्थेने ते सभासदांत वाटायचे आणि पट्टी गोळा करायची. कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, शासनाने फक्त कोटा पाहावा. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर हे काम कायद्याच्याही आधी, १९९० च्या दशकात सुरू झाले होते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी संस्था काढल्या आणि पुढे सगळा प्रकल्प संस्थांच्या हाती आला. तिथे पीकनिहाय नोंद संस्थाच ठेवतात. वही सभासदांसमोर असते आणि शेजाऱ्याने किती भिजवले हे शेजाऱ्याला ठाऊक असते. इतरत्र अनेक संस्था कागदावरच राहिल्या. फ्ल्यूमची मोडतोड झाली, त्यांवरच्या मोजपट्ट्या पुसल्या गेल्या, आणि मोजणारी व्यवस्था नाही म्हणून पुन्हा क्षेत्रावर आकारणी सुरू झाली.

भूजलाच्या बाबतीत असाच प्रयत्न अटल भूजल योजनेतून राज्यातल्या १३ जिल्ह्यांत झाला. गावाने पाऊस, विहिरींची पातळी आणि पेरलेली पिके यांवरून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, अशी त्याची रचना होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात हा ताळेबंद योजनेच्या कितीतरी आधीपासून ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस कमी झाला की त्या वर्षी जास्त पाण्याची पिके टाळली जातात. शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसावर गावाने आधीच बंदी घातलेली आहे.

अलीकडे उपग्रह प्रतिमांवरून भिजलेले क्षेत्र काढण्याचे कामही होते. रब्बीत आणि उन्हाळ्यात हिरवे दिसणारे क्षेत्र त्यातून चांगले मोजता येते आणि अर्जात दडवलेला ऊसही सापडतो. खरिपात ढग आडवे येतात, आणि पावसावर वाढलेले पीक कालव्यावर वाढलेल्या पिकाहून वेगळे ओळखणे अवघड जाते. हिरव्या पट्ट्याला पाणी कालव्याचे, विहिरीचे की नदीवरच्या उपशाचे, हे प्रतिमेत दिसत नाही. त्यासाठी मोजणीदाराची रिकामी पदे भरावी लागतात.