फुफ्फुस प्रत्यारोपणानंतरचा फुफ्फुसाचा कर्करोग (संदर्भ : बेळगाव सीमाभाग)

फुफ्फुस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला पुढे फुफ्फुसाचाच कर्करोग होण्याचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा बराच जास्त असतो. अमेरिकेतील प्रत्यारोपणाच्या आणि कर्करोगाच्या नोंदी एकमेकींशी ताडून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा धोका सुमारे सहापट आढळला. मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुफ्फुस अशा सगळ्या प्रत्यारोपणांचा एकत्र हिशेब केला, तर तोच आकडा दुपटीच्या आसपास येतो. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे या सगळ्याच रुग्णांना आयुष्यभर घ्यावी लागतात. तेव्हा सगळा दोष औषधांवर टाकता येत नाही. फरक पडतो तो रुग्णाने प्रत्यारोपणाआधी श्वासावाटे काय आत घेतले यामुळे.

नव्या फुफ्फुसातच रोग निघाला असावा, असा नातेवाइकांचा पहिला समज असतो. तो बहुधा चुकीचा ठरतो. एकच फुफ्फुस बदलले असेल, तर दुसऱ्या बाजूला रुग्णाचे स्वतःचे, आजारी फुफ्फुस तसेच राहते आणि कर्करोग प्रामुख्याने तिथे उद्भवतो. दोन्ही फुफ्फुसे बदलल्यास हा धोका बराच उतरतो. कधी काढून टाकलेल्या फुफ्फुसाच्या तपासणीत आधीपासूनच दडलेली गाठ सापडते. दात्याकडून आलेल्या फुफ्फुसात कर्करोग होणे शक्य आहे, पण ते विरळा.

या शस्त्रक्रियेच्या इतिहासाची सुरुवातच या रोगाशी जोडलेली आहे. माणसातील पहिले फुफ्फुस प्रत्यारोपण ११ जून १९६३ रोजी अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे जेम्स हार्डी यांनी केले. त्या रुग्णाच्या डाव्या फुफ्फुसात कर्करोग होता; तो १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले पहिले एकफुफ्फुसी प्रत्यारोपण टोरांटोत जोएल कूपर यांच्या चमूने १९८३ साली केले, तेव्हा शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध हाताशी आले होते. आज फुफ्फुसात कर्करोग असलेल्या रुग्णाला, तुरळक अपवाद सोडल्यास, प्रत्यारोपणासाठी घेत नाहीत. धूम्रपान सोडून किमान काही महिने झाल्याशिवाय प्रतीक्षायादीतही नाव लागत नाही.

टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही नेहमीची तीन औषधे. शरीराने नवे फुफ्फुस नाकारू नये म्हणून ती पांढऱ्या पेशींना आवर घालतात. बिघडलेल्या पेशी वेळीच ओळखून संपवण्याचे कामही याच पेशींचे असल्याने तेही मंदावते. शिवाय टॅक्रोलिमसच्या गटातील औषधे पेशींच्या जनुकीय दुरुस्तीत अडथळा आणतात, असे प्रयोगांत दिसले आहे. फुफ्फुसांचा तंतुमयता रोग आणि धूम्रपानाने होणारा दीर्घकालीन श्वासमार्गरोध (सीओपीडी) या प्रत्यारोपणाकडे नेणाऱ्या दोन मुख्य व्याधी मुळातच कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आहेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तसेच कारवार, हल्याळ आणि पलीकडे बीदर, भालकी, औराद या मराठीभाषक पट्ट्यात प्रत्यारोपणाआधी श्वासावाटे आत गेलेल्या धूर-धुळीचा हिशेब मोठा असतो. निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथे केलेले आंदोलन महाराष्ट्रभर गाजले. त्यात तंबाखूच्या दराची चर्चा झाली, धुराची नाही, आणि ज्यांचे पोट त्याच पिकावर होते त्यांच्याकडून वेगळी अपेक्षाही करता येत नाही. विडी आकाराने लहान असली तरी तिच्याने कर्करोगाचा धोका वाढतोच. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांमध्ये वाळूचे साचे वापरले जातात. त्या वाळूच्या सूक्ष्म सिलिका धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले. आणि कधीही विडी न ओढलेल्या, पण लाकूडफाट्याच्या चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांमध्येही सीओपीडी आढळतो. ‘व्यसन नाही’ एवढ्या उत्तरावर समाधान मानून पुढे जाणाऱ्या डॉक्टरला हा इतिहास कळत नाही.

या भागातला खरा पेच मात्र निदानाचा आहे. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या क्ष-किरण चित्रात सावली दिसली, की ती जंतुसंसर्गाची, बुरशीची, क्षयाची किंवा गाठीची असू शकते. आपल्याकडे क्षय इतका ओळखीचा, की पहिला संशय त्याच्यावर जातो. संशय अनाठायी नसतो. प्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णात क्षय उलटतोही. परंतु थुंकीत जंतू न सापडता केवळ सावलीवरून क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या, तर दुहेरी नुकसान होते. त्यातले रिफॅम्पिसिन यकृताची औषधे मोडण्याची क्षमता वाढवते, त्यामुळे रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी कोसळते आणि शरीर नवे फुफ्फुस नाकारू शकते. गाठ असलीच, तर तेवढे महिने ती वाढत राहते. या रुग्णांत तिची वाढ वेगाने होऊ शकते. म्हणून सीटी स्कॅन आणि शक्य असेल तिथे सुईने किंवा दुर्बिणीने तुकडा काढून तपासणे, हे औषध सुरू करण्याआधी व्हायला हवे. खराब, तंतुमय फुफ्फुसात लहान गाठ व्रणांमध्ये लपते. त्यामुळे एकच स्कॅन पुरत नाही.

गाठ लवकर सापडली आणि रुग्णाची श्वासक्षमता झेपणारी असली, तर तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढतात. नाही तर नेमक्या जागी किरणोपचार देतात. टॅक्रोलिमसची मात्रा कमी करून सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस ही प्रतिकारशक्ती दडपणारी दुसऱ्या गटातील औषधे देण्याचाही पर्याय असतो, पण ती जखम भरू देत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेच्या आगेमागे टाळतात. पांढऱ्या पेशींना कर्करोगावर सोडणाऱ्या अलीकडच्या उपचारांनी (इम्युनोथेरपी) इतर कर्करुग्णांना मोठा दिलासा दिला आहे. इथे मात्र तेच औषध पांढऱ्या पेशींना नव्या फुफ्फुसावर सोडू शकते.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे. कर्नाटकात अवयववाटपाचे काम ‘जीवसार्थकते’ ही संस्था पाहते. २०२३ साली केंद्राने नोंदणीसाठी रहिवासाची अट आणि मृत दात्याचा अवयव मिळण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकण्याचे ठरवले. बेळगावच्या माणसाला पुणे किंवा मुंबईत नाव नोंदवणे त्यामुळे सोपे झाले. दात्याच्या शरीरातून काढलेले फुफ्फुस पारंपरिक पद्धतीने थंड ठेवल्यास साधारण सहा तासांत बसवावे लागते. त्यामुळे पाळी येईपर्यंत रुग्ण प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाच्या आसपास राहतो. नंतरची फेरतपासणी मात्र वर्षानुवर्षे चालते आणि ती बरीचशी मिरज, कोल्हापूर किंवा बेळगावातच उरकली जाते. तिथला डॉक्टर रुग्णाचा नवा स्कॅन पाहतो, तेव्हा मागचा स्कॅन बंगळुरू किंवा पुण्याच्या संगणकात असतो. गाठ नवी की जुनी, वाढली की तेवढीच, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. अहवालाचा कागद त्यासाठी पुरत नाही. रुग्णाने प्रत्येक स्कॅनची मूळ चित्रे, सीडीवर किंवा मोबाइलमध्ये, स्वतःजवळ ठेवावी लागतात.