मोठा पिस्टन आणि कोपऱ्यात उरलेले मिश्रण

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि मोटारसायकलींच्या बाबतीत ३५० सीसी ही एक ठळक सीमारेषा ठरली. तिच्या अलीकडच्या गाड्यांवर १८ टक्के कर आहे, तर पलीकडच्या गाड्यांवर ४० टक्के. तेव्हापासून म्हापसा-फोंड्याकडच्या गॅरेजांत एक जुनाच युक्तिवाद नव्या जोमाने ऐकू येतो. साडेतीनशेची गाडी घ्यावी, तिचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला भाग, उतरवून मोठ्या बोअरचा, म्हणजे आतला व्यास मोठा असलेला, ब्लॉक आणि पिस्टन बसवावा, म्हणजे थोडक्या खर्चात पाचशेची ताकद हाती येते, असे सांगितले जाते. या युक्तिवादात इंजिन म्हणजे एक भांडे आहे असे गृहीत धरलेले असते. भांडे मोठे केले की त्यात जास्त पेट्रोल मावणार आणि जास्त पेट्रोल जळले की जास्त जोर मिळणार. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्या भागात मात्र ते पेट्रोल कसे जळते आणि त्याला जळायला किती वेळ मिळतो, हा सगळा विषयच वगळला जातो, आणि मोठ्या बोअरचे बरेवाईट नेमके तिथेच ठरते.

आधी भूमिती पाहू. पिस्टनच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले त्याची वरखाली होणारी चाल म्हणजे घनक्षमता. रॉयल एन्फिल्डच्या जुन्या साडेतीनशेच्या इंजिनात बोअर ७० मिलिमीटर आणि चाल ९० मिलिमीटर होती, त्यावरून ३४६ सीसी येतात. त्याच घराण्यातल्या पाचशेच्या इंजिनाची चालही ९० मिलिमीटरच होती. बोअर तेवढा ८४ मिलिमीटर होता, आणि तिथे ४९९ सीसी येतात. व्यास २० टक्के वाढला आणि घनक्षमता ४४ टक्के, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आजही चाहते असलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये बोअर आणि चाल दोन्ही ५० मिलिमीटर होते. पुढच्या आरएक्स १३५ मध्ये चाल तशीच ठेवून बोअर ५८ केला गेला आणि ९८ चे १३२ सीसी झाले. झिजलेला सिलिंडर लेथवाल्याकडून रीबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालणे ही याहून निराळी गोष्ट आहे. सत्तरच्या बोअरमध्ये एक मिलिमीटर वाढवला तर जेमतेम १० सीसी मिळतात. ती दुरुस्ती असते, तिने गाडीची जात बदलत नाही. क्रँक, म्हणजे पिस्टनची चाल ठरवणारा फिरता दांडा, बदलून चाल वाढवण्याचाही मार्ग आहे, पण त्यासाठी सगळे इंजिन उघडावे लागते, म्हणून बहुतेकांचा कल बोअरकडेच असतो.

आता मुख्य विषयाकडे वळू. पिस्टन वरच्या टोकाला पोचला तरी त्याच्या माथ्यावर सिलिंडर हेडखाली, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखाली, थोडी पोकळी उरते, तिला ज्वलनकक्ष म्हणतात. पिस्टन तळाला असतानाचे एकूण आकारमान आणि तो वर असताना उरलेले आकारमान यांचे गुणोत्तर म्हणजे संपीडन गुणोत्तर, ज्याला गॅरेजमध्ये नुसते कॉम्प्रेशन म्हणतात. वर सांगितलेल्या ३४६ सीसीच्या इंजिनाच्या नव्या पिढीत हे गुणोत्तर साडेआठ होते. त्यावरून गणित केले तर ज्वलनकक्ष सुमारे ४६ सीसीचा निघतो. आता हेड तेच ठेवले आणि खाली सपाट माथ्याचा ८४ मिलिमीटरचा पिस्टन आणला, तर ४९९ सीसींचे मिश्रण त्याच ४६ सीसींत कोंबले जाईल आणि गुणोत्तर साडेआठवरून थेट ११.८ वर जाईल. बोअर वाढवणाऱ्याने कॉम्प्रेशन वाढवायचे असे ठरवलेलेही नसते. ते आपोआप वाढते.

दाबलेला वायू तापतो हे शाळेत शिकवलेले असते. किती तापतो ते मात्र पाहण्यासारखे आहे. आत आलेले मिश्रण इंजिनाच्या उष्णतेने ५७ अंश सेल्सिअसपर्यंत गेले आहे असे धरले, तर साडेआठच्या गुणोत्तराला ते दाबून सुमारे ४२५ अंशांवर जाते आणि ११.८ च्या गुणोत्तराला सुमारे ५१० अंशांवर. दाब पहिल्या बाबतीत १८ पट होतो, दुसऱ्या बाबतीत २८ पट. भिंतींतून निसटणारी उष्णता या गणितात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे खाली असतात, पण दोन्ही इंजिनांतला फरक कायम राहतो. आणि अजून ठिणगीचा हिशेब लागलेलाच नाही.

ठिणगी पडल्यावर मिश्रणाचा एकदम स्फोट होतो, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. स्पार्क प्लगपाशी एक लहानशी ज्वाला जन्मते आणि तिची कड सेकंदाला वीस-तीस मीटरच्या वेगाने कक्षाच्या दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. तिच्या मागे जळलेला वायू प्रसरण पावतो आणि पुढचे न जळलेले मिश्रण दूरच्या भिंतीशी आणखी दाबतो. पिस्टनने एकदा दाबलेले हे कोपऱ्यातले मिश्रण ज्वाला दुसऱ्यांदा दाबते आणि त्याचे तापमान ९०० ते १००० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे साधारण सव्वासहाशे ते सव्वासातशे अंश सेल्सिअसपर्यंत चढते. इतक्या तापमानाला पेट्रोलचे रेणू ठिणगीची वाट पाहत नाहीत. त्यांच्या मंद ऑक्सिडीकरणातून साठलेले हायड्रोजन पेरॉक्साइड फुटू लागते, एका रेणूतून दोन हायड्रॉक्सिल मूलके सुटतात, ती पुढच्या रेणूंवर तुटून पडतात आणि साखळी अभिक्रिया भडकते. या सगळ्याला लागणारा वेळ तापमानाच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो घातांकी पद्धतीने आकसतो, म्हणून दहा-वीस अंशांनीही निकाल बदलू शकतो.

म्हणजे सिलिंडरमध्ये दर ठिणगीला एक शर्यत चालू असते. एका बाजूला ज्वालेची कड कोपऱ्यापर्यंत पोचण्याचा वेळ, दुसऱ्या बाजूला कोपऱ्यातले मिश्रण आपणहून पेटण्याचा वेळ. ज्वाला आधी पोचली तर सर्व ठीक. मिश्रण आधी पेटले तर ते एका क्षणात सगळेच्या सगळे पेटते आणि दाबाची लाट भिंतींवर आपटत कक्षभर घुमू लागते. यालाच नॉकिंग म्हणतात. मोठा बोअर या शर्यतीत दोन्हीकडून नुकसान करतो. कॉम्प्रेशन वाढल्याने मिश्रण लवकर पेटू पाहते, आणि व्यास वाढल्याने ज्वालेला जास्त अंतर कापावे लागते. प्लग एका बाजूला असलेल्या हेडमध्ये दूरची भिंत आणखी दहा मिलिमीटर लांब गेली असे धरू. सेकंदाला वीस मीटरच्या वेगाने हे अंतर कापायला अर्धा मिलिसेकंद लागतो. मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या वेगाने क्रँक एका मिलिसेकंदात २४ अंश फिरतो, म्हणजे ज्वालेला १२ अंश जास्तीचे लागले. साऱ्या ज्वलनाला उपलब्ध असलेल्या साठेक अंशांपैकी १२ अंश ही लहान रक्कम नाही.

नॉकिंगचा सूरही गणिताने सांगता येतो, आणि मला हा भाग सर्वांत आवडतो. गोल कक्षात घुमणाऱ्या दाबलाटेची मूळ वारंवारिता काढायची तर वायूतल्या ध्वनिवेगाला १.८४ ने गुणावे आणि पाय (π) गुणिले व्यासाने भागावे. त्या तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ९३० मीटरच्या आसपास धरला, तर ७० मिलिमीटरच्या बोअरला उत्तर येते सुमारे ७८०० हर्ट्झ आणि ८४ मिलिमीटरच्या बोअरला सुमारे ६५००. मोठ्या घुमटाचा नाद जसा खालचा, तसाच मोठ्या सिलिंडरचा खटखटाटही खालच्या पट्टीत असतो. आधुनिक गाड्यांच्या इंजिनावर बसवलेले नॉक सेन्सर नेमकी अशीच वारंवारिता ऐकण्यासाठी जुळवलेले असतात. ज्या इंजिनावर तसा सेन्सर नाही, तिथे हे काम चालवणाऱ्याच्या कानालाच करावे लागते.

या लाटांनी होणारे नुकसान केवळ आपटण्यामुळे होत नाही. पेटलेल्या वायूचे तापमान २००० अंशांच्या वर असते, तर शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि पिस्टनची मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडते. तरीही पिस्टन टिकतो, कारण त्याच्या माथ्याला वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर चिकटलेला असतो. नॉकिंगच्या लाटा हा थर खरवडून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते, माथ्याच्या कडेला बारीक खड्डे पडतात, रिंगांमधल्या कडा तुटतात आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. चोर्ला घाटात केरीकडून वर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, थ्रॉटल पूर्ण पिळून गाडी रेटली, तर ही घटना घडायला सर्वांत अनुकूल परिस्थिती मिळते: सिलिंडर काठोकाठ भरलेला असतो, आणि फेऱ्या कमी असल्याने कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला भरपूर अवधी असतो. अशा वेळी खालचा गिअर टाकून फेऱ्या वाढू देणे हे इंजिनावर दया करण्यासारखे वाटत नाही, पण तेच खरे संरक्षण आहे.

इंधन या शर्यतीत किती तग धरते हे मोजण्यासाठी ऑक्टेन अंक आहे. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने आयसो-ऑक्टेनला १०० आणि सहज पेटणाऱ्या हेप्टेनला शून्य मानून ही मोजपट्टी सुचवली. त्याच्या आधी, १९२१ मध्ये, थॉमस मिजली यांनी शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळून नॉकिंग दाबून टाकले होते, आणि ते विष रस्त्यांवरून हटवायला जगाला अनेक दशके लागली. आपल्या देशात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र यायला २००० साल उजाडले. ऑक्टेन अंक म्हणजे इंधनातील ऊर्जा नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. साडेआठच्या गुणोत्तराच्या, ज्यात नॉकिंग होतच नाही अशा इंजिनात महागडे ९५ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल ओतून ताकद वाढत नाही. पेट्रोलच्या नळीला चिकटवायच्या चुंबकांबद्दल तर याहून कडक बोलायला हवे. पेट्रोलचे हायड्रोकार्बन रेणू प्रतिचुंबकीय असतात, म्हणजे चुंबकाशी त्यांचा संबंध इतका क्षीण असतो की त्याने ज्वलनात काहीही बदलण्याचा प्रश्न येत नाही. हँडलला बांधलेल्या लिंबू-मिरचीपेक्षा हे चुंबक अधिक शास्त्रीय नाहीत. त्यांची वेष्टने तेवढी शास्त्रीय असतात. सध्या मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा परिणाम मात्र खरा आणि दुहेरी आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभरच्या वर असल्याने नॉकिंग लांबणीवर पडते, पण त्याला वजनाने नऊ पट हवा पुरते, तर पेट्रोलला १४.७ पट लागते. म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप हलके पडते, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त होते. मोठा ब्लॉक बसवताना मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र, बदलावा लागतो, त्यात हाही हिशेब धरला पाहिजे.

उपाय सरळ आहे, पण तो ब्लॉक मागवण्यापूर्वी करायचा असतो. ४९९ सीसीला साडेआठचे गुणोत्तर ठेवायचे असेल तर ज्वलनकक्ष ४६ ऐवजी सुमारे ६६.५ सीसीचा हवा. हे जास्तीचे वीस सीसी पिस्टनच्या माथ्यावर खोलगट बशी कोरून मिळवता येतात. ८४ मिलिमीटरच्या पिस्टनवर त्यासाठी सरासरी ३.७ मिलिमीटर खोली लागते, म्हणजे माथा मुळात तेवढा जाड घडवलेला असला पाहिजे. कारखान्यानेही पाचशेच्या इंजिनाचे गुणोत्तर साडेआठच्या आसपासच ठेवले होते, ते उगाच नव्हे. ठिणगी उशिरा पाडून नॉकिंग टाळता येते खरे, पण मग मिळवलेल्या जोराचा काही भाग एग्झॉस्टमधून उष्णता होऊन निघून जातो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. हेडमधले व्हॉल्व्ह तेच राहिले तर वरच्या फेऱ्यांवर मोठ्या सिलिंडरला श्वास पुरत नाही, म्हणून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जितका वाढतो तितकी अश्वशक्ती वाढत नाही. कारखान्याच्या आकड्यांतही हे दिसते: साडेतीनशेला २८ न्यूटन-मीटर आणि १९.८ अश्वशक्ती, पाचशेला ४१.३ न्यूटन-मीटर आणि २७.२ अश्वशक्ती, आणि तेही पाचशेला फ्युएल इंजेक्शन दिल्यावर. टॉर्क वाढला ४७ टक्के, शक्ती ३७ टक्के. पणजीत मागे प्रवासी बसवून आल्तिनोचा चढ चढणाऱ्या पायलटाला, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याला, टॉर्कच हवा असतो, त्यामुळे हा सौदा वाईट म्हणता येणार नाही. मात्र ५० बारच्या दाबाला ७० मिलिमीटरच्या पिस्टनवर सुमारे २ टनांचा भार येतो आणि ८४ वर २.८ टनांचा, कनेक्टिंग रॉड, क्रँकपिन आणि बेअरिंग यांना तो पहिल्यापेक्षा जास्त सोसावा लागतो. पिस्टन जड झाल्याने क्रँकचा तोल बिघडतो आणि हँडलपर्यंत कंप पोचतो. हवेने थंड होणाऱ्या ब्लॉकवर उष्णता सुमारे दीडपट येते, पण ती बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांचे (फिनांचे) क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाढत नाही. कायद्याच्या बाजूने पाहिले तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि तृतीय पक्ष विम्याचा दरही ३५० सीसीच्या वर दुपटीहून अधिक होतो. नोंदणीत ३४६ आणि प्रत्यक्षात ४९९ असलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला हरकतीचे कारण आयतेच मिळते. म्हणून हा खेळ शर्यतीच्या बंद ट्रॅकसाठी किंवा कार्यशाळेतल्या अभ्यासासाठीच योग्य.

तिथे तो करायचा असेल तर मोजमापाची पद्धत शाळेच्या रसायनशाळेत शिकलेलीच आहे. हेड उलटे करून व्हॉल्व्ह बंद करावेत, ज्वलनकक्षाच्या तोंडाला थोडे ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवावी आणि ब्यूरेटने पातळ तेल सोडत जावे. पट्टीखाली बुडबुडा न राहता कक्ष भरला की वाचन घ्यावे. त्यात गॅस्केटच्या जाडीचे आणि पिस्टनच्या बशीचे आकारमान मिळवावे. पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पातळीच्या किंचित खाली राहत असेल तर तेवढी जागाही धरावी. ही बेरीज ६६ च्या जवळ आली तर जोडणी साध्या पेट्रोलवर चालेल. ती ५५ आली तर गुणोत्तर दहाच्या वर गेलेले आहे, आणि तो पिस्टन तसाच बसवण्याऐवजी जाड गॅस्केट घालावे किंवा बशी आणखी खोल करून घ्यावी.