माजी सैनिकांच्या मुलांची स्कॉलरशिप: फॉर्म नंतर भरा, आधी रेकॉर्डमधलं नाव बघा

बारावीचा निकाल लागला की मला गावातून फोन सुरू होतात, दादा ती पीएम स्कॉलरशिप कशी भरायची. मी आर्टिलरीतून हवालदार म्हणून पेन्शनला आलो, मुलीचा फॉर्म स्वतः भरला, त्यात जेवढं डोकं खाल्लं गेलं तेवढं सगळं इथे लिहितोय म्हणजे दरवेळी फोनवर तेच तेच सांगायला नको.

स्कीमचं पूर्ण नाव प्राइम मिनिस्टर्स स्कॉलरशिप स्कीम, लोक पीएमएसएस म्हणतात. 2006-07 पासून चालू आहे आणि ती केंद्रीय सैनिक बोर्ड, म्हणजे केएसबी, दिल्लीतून चालवतं. वर्षाला 5,500 मुलांना मिळते, निम्म्या जागा मुलींना निम्म्या मुलांना. मुलीला महिन्याला 3,000 आणि मुलाला 2,500, पण पैसे महिन्याला येत नाहीत, वर्षाचे एकदम येतात, म्हणजे 36,000 किंवा 30,000. चार वर्षांच्या बीटेकला मुलीचे 1,44,000 होतात, हॉस्टेलचा बराचसा खर्च निघतो.

आता कोणाला मिळते. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स आणि कोस्ट गार्डच्या माजी सैनिकांची मुलं, आणि त्यांच्या विधवा पत्नीसुद्धा स्वतःच्या शिक्षणासाठी भरू शकतात, हे बऱ्याच वहिनींना माहीतच नसतं. बाप अजून नोकरीत असेल तर ही स्कीम नाही, त्यांना चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स आहे, तो युनिटमधून घ्यायचा. आणि सीआरपीएफ, बीएसएफ वाल्यांनो, तुम्ही केएसबीच्या साइटवर वेळ घालवू नका, तुमची याच नावाची वेगळी स्कीम गृह मंत्रालयाची आहे, ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात. नाव सारखं असल्यामुळे दरवर्षी कोणीतरी चुकीच्या साइटवर अडकतो.

कोर्स पहिली प्रोफेशनल डिग्री पाहिजे: बीई, बीटेक, एमबीबीएस, बीडीएस, बीफार्म, बीएड, बीबीए, बीसीए असे. पोस्ट ग्रॅज्युएशनला चालत नाही, पण एमबीए आणि एमसीए चालतं. घरबसल्या डिस्टन्सचा कोर्स नाही चालत, परदेशातलं शिक्षणही नाही. ज्या परीक्षेवर ॲडमिशन मिळालं त्यात 60 टक्के लागतात, बीटेकला बारावीचे, बीएडला ग्रॅज्युएशनचे, डिप्लोमावरून थेट सेकंड इयरला गेला असेल तर डिप्लोमाचे. फॉर्म ॲडमिशनच्या पहिल्या वर्षीच भरायचा, नंतर आठवण आली म्हणून थर्ड इयरला भरता येत नाही.

60 टक्के पडले म्हणजे मिळालीच असं नाही. आधी नंबर लागतो युद्धात शहीद झालेल्यांच्या घरच्यांचा, मग युद्धात अपंगत्व आलेल्यांचा, मग सेवेच्या कारणामुळे नोकरीत असताना वारलेल्यांचा, मग तसंच अपंगत्व आलेल्यांचा, मग शौर्यपदकवाल्यांचा, आणि शेवटी आपण, साधे पेन्शनर, त्यातही ऑफिसरची मुलं नाहीत फक्त जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) आणि जवानांची. या शेवटच्या गटात मार्कांवर चुरस असते.

आता खरी गोष्ट. फॉर्म भरणं तासाभराचं काम आहे, लोक अडकतात ते नावात. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. फौजेच्या रेकॉर्डमध्ये उलटं, कधी आडनावच नाही, कधी स्पेलिंग क्लार्कच्या मनाचं. माझी गंमत सांगतो, मुलगी झाली तेव्हा मी बॉर्डरवर, घरून फोन आला की पोरगी झाली, बारसं व्हायचं होतं, सगळे बबली बबली म्हणत होते, मी क्लार्कला जाऊन बबली सांगितलं आणि पार्ट टू ऑर्डर (घरच्यांची फौजेतली अधिकृत नोंद) निघाली बबली नावाने. अठरा वर्षं कोणी बघितलं नाही. स्कॉलरशिपच्या वेळी डिस्चार्ज बुकात (पेन्शनला येताना मिळतं ते सेवेच्या नोंदींचं पुस्तक) बबली आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगळंच नाव, कार्यालयातला माणूस म्हणाला ही मुलगी तुमची कशावरून. मग ॲफिडेव्हिट, जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट लावून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, आणि दुरुस्ती होऊन यायला साडेतीन महिने. तेवढ्यात तारीख निघून जाता जाता राहिली.

म्हणून मूल नववी-दहावीत असतानाच डिस्चार्ज बुक काढा आणि नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. बायकोचं नावसुद्धा, कारण लग्नाआधीचं आणि नंतरचं हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. रेकॉर्ड ऑफिस तुमच्या रेजिमेंटप्रमाणे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला.

कागद काय लागतात. केएसबीच्या साइटवर तीन नमुने आहेत, त्यांना ॲनेक्शर म्हणतात. एक माजी सैनिक असल्याचा दाखला, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सही होऊन मिळतो (जुनी माणसं अजून सैनिक बोर्डच म्हणतात, तेच ते). दुसरा कॉलेजचा बोनाफाइड, तो कॉलेजच्या स्वतःच्या छापील फॉर्मवर नाही, याच नमुन्यावर पाहिजे, आमच्या कॉलेजच्या क्लार्कने दोनदा आपलाच फॉर्म हातात ठेवला आणि मुलीला दोनदा खेप पडली. तिसरा बँकेचा, की खातं विद्यार्थ्याच्या नावावर आहे आणि आधारला जोडलेलं आहे. सोबत दहावीचं सर्टिफिकेट जन्मतारखेसाठी, बारावी किंवा डिप्लोमाचं मार्कशीट, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) किंवा डिस्चार्ज बुक. सगळं ओरिजिनलवरून रंगीत स्कॅन करा, झेरॉक्सचा फोटो काढून टाकला तर परत येतो.

साइटवर आधी वडिलांच्या किंवा आईच्या नावाने रजिस्ट्रेशन करायचं, मुलाच्या नाही. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊन नंतर त्याच्या मागे पळणारे दोघं मी पाहिलेत. फॉर्म सबमिट झाला की डाक आयडी नावाचा नंबर मिळतो, त्यावरूनच पुढे अर्ज कुठे पोचला ते दिसतं. मग ओरिजिनल घेऊन जिल्हा कार्यालयात जायचं, तिथून तो पुण्याला सैनिक कल्याण विभागात आणि तिथून दिल्लीला जातो. शेवटची तारीख दरवर्षी वेगळी असते, साइटवर बघा, व्हॉट्सॲपवर फिरणारी तारीख धरू नका, ती बहुतेकदा गेल्या वर्षीची असते.

साधं बीए बीकॉम करणाऱ्या किंवा शाळेतल्या मुलांसाठी पीएमएसएस नाही पण त्याच साइटवर एज्युकेशन ग्रांट आहे, हवालदार आणि खालच्या रँकसाठी, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून ग्रॅज्युएशनपर्यंत. आधी महिन्याला 1,000 होते, 1 नोव्हेंबर 2025 पासून केलेल्या अर्जांना 2,000 झालेत. याला पेन्शन नसलेला माजी सैनिकही चालतो. गावात याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि माझ्या मते गरज इथेच जास्त आहे, पाचवीतल्या पोराच्या घरी वर्षाला 24,000 आले तर फरक पडतो.

शहीद किंवा युद्धात अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांना शिक्षणाच्या फीची सवलत वेगळी आहे, त्यात मधे महिन्याला 10,000 ची मर्यादा घातली होती ती 2018 मध्ये काढली, त्यांनी ती आधी विचारावी.

आणि पीएमएसएस मिळाली की दरवर्षी रिन्यूअल असतं, प्रत्येक वर्षी 50 टक्के आणि पास पाहिजे, मार्कशीट लगेच मिळवून टाका. डाक आयडी मी कागदावर लिहून डिस्चार्ज बुकच्या प्लास्टिक कव्हरात घातलाय, फोन दोनदा बदलला पण ती चिठ्ठी तिथेच आहे.