सरासरी गाठली, पण गवताला पाणी मिळाले का?

पावसाळा सरत आला की तालुकानिहाय पावसाची टक्केवारी छापून येते, आणि माण, खटाव, जत किंवा आटपाडीने सरासरी ओलांडल्याचे वाचले की यंदा माळावर चाऱ्याची ददात नाही, असे आपण धरून चालतो. हा समज अपुरा आहे. कोणते गवत टिकेल आणि कोणते मागे हटेल, हे पाऊस किती पडला याइतकेच तो किती खेपांत पडला आणि मधला खंड किती लांबला, यावर ठरते.

सातारा जिल्ह्यात या प्रश्नाची दोन्ही टोके आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक, तर सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत असलेल्या माणमध्ये साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; माणच्या वर्षभराच्या वाट्याहून तो जास्त होता.

खरी गंमत जमिनीच्या आत आहे. पाच मिलिमीटरची सर मातीचा वरचा थोडासाच थर भिजवते आणि कडक ऊन पडले तर ती ओल एकदोन दिवसांत उडून जाते. मुळांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. अशा दहा सरींचे पाणी एकाच दमदार पावसात पडले आणि ते मुरले, तर ओल खोलवर पोहोचते. मग वरचा थर सुकला की तोच खालच्या ओलीवर आच्छादनाचे काम करतो, कारण कोरड्या मातीतून पाणी वर चढण्याचा वेग फार मंदावतो, आणि खालचे पाणी मुख्यतः मुळांवाटेच बाहेर पडू शकते. म्हणून कोरड्या प्रदेशात मोजक्या पण मोठ्या पावसाने गवताचा प्रत्यक्ष वाटा वाढू शकतो. ओल्या प्रदेशात हेच गणित उलटते: तिथली माती आधीच भरलेली असल्याने जादा पाणी वाहून जाते किंवा मुळांच्या खाली उतरते, आणि पुढच्या लांब खंडात वरची ओल संपली की वनस्पती पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटून घेतात, कार्बन डायऑक्साइड आत येणे घटते व वाढ खुंटते.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या कोंझा प्रेअरी या तुलनेने ओल्या गवताळ प्रदेशात हे प्रयोगाने तपासले गेले. एकूण पाऊस तेवढाच ठेवून दोन पावसांमधले अंतर निम्म्याने वाढवले, तेव्हा गवताचे उत्पादन घटले, वनस्पतींची विविधता मात्र वाढली. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अधिक कोरड्या गवताळ प्रदेशात असाच प्रयोग झाला, तेव्हा मोजक्या मोठ्या सरींनी उत्पादन वाढल्याचे दिसले.

तरीही माणच्या माळाला हा दिलासा आपोआप लागू होत नाही, कारण पाणी मुरले तरच वरचा हिशेब खरा ठरतो. उघड्या मुरमाड जमिनीवर टपोरे थेंब आदळले की सुटलेली बारीक माती छिद्रे बुजवते, वर पापुद्रा धरतो आणि पाणी थेट ओढ्याला मिळते. ते अडवून मुरवण्याचे काम पवना, मारवेल यांसारख्या बहुवर्षायू गवतांचे ठोंब करतात. ठोंबाच्या बुडाशी डोळे आणि साठवलेले अन्न असल्याने एखादा दुष्काळ ते सोसतात. परंतु लागोपाठ दुष्काळ पडले आणि त्यातच चराई बुडापर्यंत गेली, तर तो साठा संपतो. मोकळी झालेली जागा वर्षायू कुसळी घेते, जी बियांवर दुष्काळ काढते, पहिल्या पावसात झटपट उगवते आणि लवकर वाळून जनावरांच्या तोंडाला टोचते. माळ हिरवा दिसतो, पण चारा निकृष्ट झालेला असतो.

इथे नक्षत्रांच्या वाहनांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. म्हैस किंवा बेडूक आले म्हणून पाऊस चांगला, हे भाकीत पंचांगातल्या आकडेमोडीतून येते. तेच वाहन महाबळेश्वरला लागू होते आणि माणमधल्या म्हसवडलाही. त्यात ढगांचा विचार नाही, मातीचा तर नाहीच, आणि त्यावर चाऱ्याचे नियोजन करणे मेंढपाळाच्या हिताचे नाही.

कास पठारावर प्रश्न वेगळा आहे. तिथे जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की खोलवर ओल साठवायला जागाच नाही; अतिवृष्टीचे पाणी वाहून जाते आणि ऑगस्टमधला उघाडीचा खंड थेट वनस्पतींना भिडतो. जमिनीखाली कंद असलेला वायतुरा असा खंड काढून पुढच्या पावसाची वाट पाहू शकतो. सीतेची आसवे ही चिमुकली कीटकभक्षी वनस्पती मात्र निथळत्या ओलीतच सूक्ष्म जीव पकडते, आणि बी धरण्याआधी ती ओल आटली तर तिचा त्या वर्षीचा बियाण्याचा भरणा बुडतो.