‘लिटरली’ हल्लीच्या पोरांनी बिघडवलेला नाही

‘लिटरली’ (मूळ अर्थ ‘शब्दशः’) या इंग्रजी क्रियाविशेषणाचा अतिशयोक्तीसाठी होणारा वापर मोबाईलवर वाढलेल्या पिढीने सुरू केला आणि २०१३ मध्ये शब्दकोशांनी तिच्यापुढे मान तुकवली, अशी समजूत गोव्यातल्या मराठी घरांत, अगदी शिक्षकांच्या खोलीतही, घट्ट बसली आहे; ती चुकीची आहे. ‘अक्षर’ या अर्थाच्या लॅटिन ‘लिटेरा’वरून आलेल्या या शब्दाचा सैल वापर फ्रान्सिस ब्रूक यांच्या १७६९ च्या कादंबरीत सापडतो, जिथे सुंदर स्त्रियांच्या मेळ्यात येऊन पडणे म्हणजे ‘लिटरली’ लिलीच्या फुलांत चरणे ठरते. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने हा अर्थ १९०९ मध्येच नोंदवला होता. ऑक्सफर्डच्या कोशात या अर्थाबाबत २०११ मध्ये झालेल्या फेरबदलाकडे वृत्तपत्रांचे लक्ष दोन वर्षांनी गेले, आणि तेच साल लोकांच्या तोंडी बसले.

आपला ‘अक्षरशः’ तरी कुठे वेगळा आहे? चतुर्थीच्या तोंडावर म्हापशाच्या बाजारात ‘अक्षरशः मुंगी शिरायला जागा नव्हती’ असे म्हणणाऱ्याची कोणी उलटतपासणी घेत नाही. मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत किंवा कार्यालयीन पत्रात ‘लिटरली’ मूळ अर्थानेच वापरावा, कारण ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याचा सैल अर्थ बोलीतला म्हणूनच नोंदवला आहे.